मेकॅनिकच्या कामानंतर इंजिन गेलं, आता भरपाई कशी मागायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून घेतला. ११ दिवसांनी, साधारण ६५० किलोमीटर झाल्यावर, चालत्या गाडीत खडखड आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. गाडी टो करून दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकनं बेल्टचं कव्हर काढलं आणि सांगितलं की टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा) बोल्ट ढिला आहे, व्हॉल्व्ह वाकले असणार, हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागेल. ज्यानं काम केलं होतं तो म्हणतो, ‘बेल्टच खराब निघाला असेल, नाहीतर तुम्ही गाडी रेटली असेल. माझ्याकडून गेली तेव्हा ठणठणीत होती.’ आता काय करायचं?

हेड उतरवू देऊ नका. आत्ता दुसऱ्या गॅरेजला फोन करा आणि सांगा की बोल्टला पाना लावायचा नाही, बेल्ट काढायचा नाही, सेल्फ मारायचा नाही आणि बॅटरीही काढायची नाही. बाकीचं सगळं नंतर.

मी २६ वर्षं इंजिनं बांधली आहेत. अलीकडे बिघडलेली इंजिनं तपासून बिघाडाचं कारण लिहून देण्याचं कामही करतो. या काळात गाडीमालकाची बाजू खरी असूनही त्याच्या हाती काही लागलं नाही, अशी प्रकरणं मी पुष्कळ पाहिली. बहुतेक वेळा कारण एकच होतं: मी पोचेपर्यंत इंजिन उघडलं गेलेलं असायचं. दुसऱ्या मेकॅनिकनं चांगल्या मनानं सगळं सोडवलेलं असायचं, सुटे भाग एका ट्रेमध्ये धुऊन पुसून ठेवलेले असायचे आणि तो छातीठोकपणे सांगायचा, ‘साहेब, बोल्ट हातानं फिरत होता.’ तो खरंच सांगत असतो. पण पहिला मेकॅनिक लगेच म्हणणार, ‘तूच ढिला केलास.’ मग राहतो शब्दाविरुद्ध शब्द. त्यात पहिला मेकॅनिक काही न करता गप्प बसला तरी त्याचं काही अडत नाही, तुमची गाडी मात्र उभी असते.

आत काय झालं असावं ते आधी नीट समजून घ्या, कारण समोरचा माणूस तांत्रिक शब्दांत बोलायला लागला की बरेच गाडीमालक तिथेच गप्प होतात. टायमिंग बेल्ट क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात ठेवतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची एक फेरी होते. इंजिन ३००० आरपीएमवर, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पुष्कळ इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह जिथपर्यंत खाली येतो, तिथेच क्षणभरानंतर पिस्टन वर येतो. जागा तीच, वेळ वेगळी. टेन्शनर ढिला पडला की बेल्ट सैल होतो, पुलीवर काही दात सरकतो, तो ताल बिघडतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. काही इंजिनांत मात्र दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते, तिथे बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाचतात. म्हणून ‘व्हॉल्व्ह वाकले असणार’ हा अंदाज आहे, तपासणी नाही. हेड न काढताही ती तपासणी होऊ शकते. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत घातला की पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारखे ताजे चकचकीत ठसे दिसतात. दिसले तर टक्कर झाली हे पक्कं. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) आत्ता करू नका, कारण तिच्यासाठी सेल्फ मारावा लागतो आणि ताल बिघडलेल्या इंजिनात प्रत्येक सेल्फ म्हणजे नवा ठोका.

आता त्या ढिल्या बोल्टकडे येऊ, कारण तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. पहिल्यापासून नीट आवळलेल्या बोल्टच्या डोक्याखाली एकसारखा, मंद गोल ठसा असतो. अर्धवट आवळलेला बोल्ट मात्र इंजिनच्या थरथरीबरोबर हजारो वेळा बारीक बारीक हलतो. त्याच्या डोक्याखालचा धातू एका बाजूला घासून चकचकीत होतो. लोखंडाला लोखंड घासलं असेल तर तांबूस भुकटी साचते, ॲल्युमिनियम असेल तर काळपट. टेन्शनरच्या भोकाची एक कड लांबट झालेली असते. मी एकदा असा टेन्शनर भिंगाखाली ठेवून ज्यानं काम केलं होतं त्याच मेकॅनिकला दाखवला. तोवर तो तासभर बेल्टच्या कंपनीला नावं ठेवत होता. त्यानं बराच वेळ पाहिलं, भोकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, ‘त्या दिवशी टॉर्क पाना (नेमक्या जोरानं आवळायचा पाना) दुसऱ्या गाडीवर होता. अंदाजानं आवळला.’ त्यानंतर भांडण झालं नाही, फक्त हिशोब झाला. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की मेकॅनिक लोक बहुधा खोटारडे नसतात. मालक चिडून बोलला की ते बचावाला उभे राहतात, पण धातूवरची खूण समोर ठेवली की त्यांच्यातला कारागीर ती नाकारू शकत नाही. निदान सरळ मनाचा कारागीर तरी नाही.

पण बोल्ट ढिला सापडला म्हणजे त्याच्यामुळेच सगळं झालं, असं आपोआप सिद्ध होत नाही. पहिल्या मेकॅनिककडे एक वाजवी उत्तर शिल्लक आहे: ‘आधी वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं, बेल्टला हिसका बसला, त्या धक्क्यानं बोल्ट सुटला.’ याचं उत्तर भांडून मिळत नाही, बेल्ट आणि पंप पाहून मिळतं. पंप हातानं फिरवला तर मोकळा फिरतो का, खरखरतो का, दांड्यात खेळ आहे का? बेल्टचे दात मुळापासून कापले गेले असतील तर कुठलं तरी चाक अचानक अडलं असावं किंवा बेल्ट फार सैल असावा. बेल्ट सुरीनं कापल्यासारखा सरळ रेषेत तुटला असेल तर तो बसवण्याआधी कुठेतरी मुडपला गेला असण्याची शक्यता मोठी. एकच कड विसविशीत झाली असेल तर पुल्या एका रेषेत नव्हत्या. बेल्टवर तेल असेल तर ते कुठून आलं ते शोधायला हवं, आणि काम करताना तिथलं सील गळत होतं का, गळत असेल तर मेकॅनिकनं ते तुम्हाला सांगितलं होतं का, हेही. पंप मोकळा फिरतोय, बेल्ट अखंड आहे, फक्त काही दात सरकलाय आणि बोल्टखाली घासल्याच्या खुणा आहेत, असं चित्र निघालं तर बेल्ट किंवा पंप खराब निघाल्याची सबब उभी राहत नाही.

पंप जाम निघाला तर? तो कुणी आणला होता हे महत्त्वाचं ठरतं. मेकॅनिकनं स्वतः भाग पुरवला असेल तर भाग आणि काम दोन्हींची जबाबदारी तुमच्यापुरती त्याचीच. तो पुढे विक्रेत्याकडे भांडेल. भाग तुम्ही आणून दिला असेल तर त्याच्याकडून फक्त कामातल्या चुकीचंच मागता येतं आणि भागासाठी तुम्हाला विक्रेत्याकडे जावं लागेल. विक्रेता पहिल्यांदा विचारणार, ‘बसवला कुणी, कसा?’ म्हणून बिल वाचा. भागाचा क्रमांक त्यावर आहे का, किलोमीटर लिहिले आहेत का, कामाचं वर्णन ‘बेल्ट बदलला’ एवढंच आहे की टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली), पंप असं सुटं सुटं लिहिलंय? बिल मिळालं नसेल तर आजच मागा, वादाचा विषय न काढता. पैसे दिल्याची बँकेतली नोंद, गाडी सोडताना आणि घेताना झालेले मेसेज, टोइंगची पावती, गाडी बंद पडली तेव्हाचा किलोमीटरचा फोटो, हे सगळं एका जागी जमवा.

मग पहिल्या मेकॅनिकला लेखी कळवा. फोनवर बोलणं झालं असलं तरी लेखी हवंच. भाषा कोरडी ठेवा. ‘फसवलंत’, ‘बघून घेईन’ असलं काही नको. साधारण असं लिहिता येईल:

‘तुम्ही अमुक तारखेला माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलला. अमुक तारखेला, ६५० किलोमीटरनंतर, चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं. कव्हर काढल्यावर टेन्शनरचा बोल्ट ढिला दिसला. त्यापुढे काहीही खोललेलं नाही. अमुक दिवशी सकाळी ११ वाजता, अमुक ठिकाणी, तपासनिसासमोर पुढचं उघडलं जाईल. तुम्ही स्वतः यावं किंवा माणूस पाठवावा. दिवस सोयीचा नसेल तर आठवड्याच्या आतला दुसरा दिवस कळवावा. उत्तर आलं नाही तर ठरल्या दिवशी तपासणी होईल आणि तिचं चित्रीकरण तुम्हाला पाठवलं जाईल.’

या पत्रात आरोप नाही, त्याला संधी आहे. पुढे कुणाही तिसऱ्या माणसासमोर हे प्रकरण गेलं, तर तो पहिल्यांदा हेच विचारणार की ज्याच्यावर बोट ठेवताय त्याला पाहायची संधी दिली होती का.

तो बहुधा म्हणेल, ‘गाडी माझ्याकडे पाठवा, बघतो.’ पाठवू नका. बघायला या म्हणा. त्याची नियत वाईट असेल म्हणून नव्हे. गाडी एकट्या त्याच्या ताब्यात गेली की पुरावाही त्याच्या ताब्यात गेला, आणि नंतर तो कितीही सरळ वागला तरी तुमच्या मनातली शंका जाणार नाही. तपासणीचं ठिकाण दुसरं गॅरेज असेल तरी शक्यतो तपासनीस तिसरा असावा. ज्याला पुढे हेड बांधायचं काम मिळणार आहे, त्याचं मत कितीही खरं असलं तरी समोरचा ‘याला धंदा हवाय’ असं म्हणायला मोकळा असतो. ज्याचा या दुरुस्तीत पैसा नाही असा वाहन अभियंता किंवा नुकसान तपासनीस गाठा. त्याची फी वाचवू नका आणि पावती जपा, कारण चूक सिद्ध झाली तर ती फीही मागता येते.

उघडताना सगळ्यात आधी स्कॅनर लावा. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड, आणि कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान यांची नोंद छापून घ्या. पुष्कळ गाड्यांत बॅटरी काढली की हे पुसलं जातं, म्हणूनच वर बॅटरीला हात लावू नका म्हटलं. कोड पुसून टाकायची सवय बऱ्याच मेकॅनिकना असते, त्यांना आधीच बजावा. ‘तुम्ही गाडी रेटलीत’ या आरोपावरही कधी कधी हीच नोंद उत्तर देते: इंजिन बंद पडताना २२०० आरपीएम आणि नेहमीचं तापमान असेल तर तो आरोप बराच पातळ होतो. मग व्हिडिओ न थांबवता चालू ठेवा आणि सुरुवातीला गाडीचा नंबर आणि किलोमीटर दाखवा. कव्हर निघाल्यावर कॅम आणि क्रँकच्या खुणा कुठे आहेत त्याचे जवळून फोटो घ्या, कारण बेल्ट किती दात सरकला ते तिथे मोजता येतं. बोल्ट आणि टेन्शनरवर रंगाच्या पेननं आडवी रेघ मारा, मगच बोल्ट सोडवा, आणि तो किती जोरानं सुटला ते टॉर्क पान्यावर पाहा. सोडवायचा जोर आणि आवळायचा जोर एकच नसतो, पण जो बोल्ट बोटांनी फिरतो त्याबद्दल फार वाद उरत नाही. सुटलेला प्रत्येक भाग न धुता, न पुसता पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावा. या पिशव्या तुमच्या घरी राहतील, गॅरेजमध्ये नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न ऑइल बदलल्यानंतर इंजिन जाम झालेल्या लोकांनाही पडतो, म्हणून त्याबद्दलही सांगतो. तिथे पाहायचं ते ड्रेन बोल्टचे आटे, फिल्टर किती घट्ट आहे, आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहून नवा फिल्टर त्याच्यावरच बसवला गेला का. दोन रबरं एकावर एक बसली की काही काळ सगळं ठीक वाटतं, मग दाबानं एक बाहेर सरकतं आणि बघता बघता ऑइल रस्त्यावर जातं. अशा वेळी चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) उरलेलं ऑइल फेकू नका, स्वच्छ बाटलीत भरा. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहा, बेअरिंगची चमचम तिथे सापडते. मालकाला मात्र एक प्रश्न टाळता येत नाही: ऑइलचा लाल दिवा लागल्यावर किती वेळ गाडी चालवली? दिवा लागताच थांबलात तर नुकसान बहुतेक मेकॅनिकच्या खात्यात जातं. दिवा पाहूनही पुढे दहा किलोमीटर गेलात तर त्यातला मोठा भाग तुमच्या खात्यात येतो, मग ऑइल कुणाच्याही चुकीनं गेलेलं असो. इंजिन तापण्याच्या बाबतीत थोडा फरक आहे. कूलंट पूर्ण गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो, म्हणून ‘काटा वर गेलाच नाही’ हे मालकाचं म्हणणं खरं असू शकतं.

एका प्रकरणात मी मालकाच्या विरुद्ध अहवाल दिला होता. ऑइल बदलून महिनाही झाला नव्हता आणि इंजिन जाम. मालक संतापलेला, मेकॅनिक रडवेला. चेंबर खाली उतरवलं तर ऑइल ओढणारी जाळी काळ्या, डिंकासारख्या गाळानं बुजलेली. तो गाळ महिन्याभराचा नव्हता. कित्येक वर्षं ऑइल वेळेवर बदललं गेलं नव्हतं. मेकॅनिकनं उलट इंजिनचं भलं करायला म्हणून फ्लश (आतला गाळ सोडवणारं द्रव) घातला होता, त्यानं भिंतींवरचा गाळ सुटला आणि जाळीवर येऊन बसला. इतक्या गाळानं भरलेल्या इंजिनात चेंबर न उतरवता फ्लश घालणं हा अविचार होता, तेही मी अहवालात लिहिलं. पण मूळ दुखणं मालकाचं होतं. दोघांनी खर्च वाटून घेतला. तुम्हीही तपासणीला जाताना हे मनाशी ठेवून जा की उत्तर तुमच्या विरुद्ध निघू शकतं, किंवा अर्धं अर्धं.

समजा उत्तर तुमच्या बाजूनं निघालं. मग काय मागायचं? व्हॉल्व्ह, गाइड तपासणी, हेड मशीन शॉपमध्ये नेऊन सपाट करणं, हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट, कारण पुष्कळ इंजिनांत ते आवळताना ताणले जातात आणि पुन्हा वापरता येत नाहीत, पूर्ण नवं बेल्ट किट, ऑइल, कूलंट, टोइंग, तपासणीची फी, आणि गाडी नसताना कामावर जाण्यासाठी झालेला वाजवी खर्च. चुकीच्या कामाची दिलेली मजुरीही. पण इंजिन दीड लाख किलोमीटर चाललेलं असेल तर नवं कोरं इंजिन मागू नका. भरपाईचं साधारण तत्त्व हे की चूक होण्याआधी तुमची गाडी ज्या स्थितीत होती, तिथे तुम्हाला परत आणायचं. झिजलेल्याच्या जागी नवा भाग आला तर तेवढा फरक कापला जाऊ शकतो. मागणी या मापात ठेवली की ती गंभीरपणे घेतली जाते. दोन वेगवेगळ्या गॅरेजची लेखी एस्टिमेट जोडा. गाडी महिनोन्‌महिने उघड्यावर उभी ठेवून पार्किंगचं भाडं वाढवू नका, कारण तुम्ही टाळू शकला असता असा खर्च समोरच्यावर टाकता येत नाही. तपासणी झाली, पुरावे पिशवीत गेले, की दुरुस्तीला लागा.

तो म्हणाला, ‘मीच फुकट करून देतो,’ तर? माझं मत एकाच गोष्टीवर ठरेल: चूक मान्य करून म्हणतोय की नाकारत म्हणतोय. मान्य करत असेल, हेडचं मशीन काम बाहेरच्या चांगल्या शॉपमध्ये होणार असेल, भागांची यादी, मुदत आणि पुढची हमी लिहून देणार असेल, तर मी हो म्हणेन. असा मेकॅनिक दुसऱ्यांदा टॉर्क पाना विसरत नाही. ‘माझी चूक नाही, पण तुमच्यासाठी करतो’ असं म्हणत असेल तर पैसे घ्या आणि काम दुसरीकडे करा. थोडे पैसे पुढे करून ‘विषय संपला’ असा कागद सही करायला दिला, तर हेड उघडून पूर्ण नुकसान कळेपर्यंत सही करू नका. वाकलेल्या व्हॉल्व्हखाली पिस्टनला तडा गेलाय का, हे त्याआधी कुणालाच माहीत नसतं. गॅरेजनं कामातल्या चुकांसाठी विमा घेतलाय का, हेही सरळ विचारा. असेल तर गॅरेजमालकाच्या खिशावरचा ताण जातो आणि बोलणं एकदम सोपं होतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यावर मात्र फार भिस्त नको. यांत्रिक बिघाड त्यातून सहसा वगळलेला असतो, तरी एकदा पॉलिसी वाचा.

तो उत्तरच देत नसेल तर अहवाल, व्हिडिओ, एस्टिमेट आणि मुदतीसह शेवटची लेखी मागणी पाठवा, आणि मग ग्राहक तक्रारीची किंवा छोट्या दाव्यांची जी यंत्रणा तुमच्याकडे असेल तिथे जा. तिथेही प्रश्न तेच तीन विचारले जातात: त्यानं काय केलं, काय मोडलं आणि पहिल्यामुळे दुसरं कसं झालं. निकाल लागण्याआधी त्याचं नाव घेऊन चारचौघांत किंवा ऑनलाइन लिहू नका. त्यामुळे तडजोडीचं दार बंद होतं आणि उलट तक्रारीला निमित्त मिळतं.

पैसे मिळाले, दुरुस्ती झाली, गाडी घरी आली, तरी तो टेन्शनर, बोल्ट आणि बेल्ट लगेच भंगारात देऊ नका. शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत त्या पिशव्या कपाटात असू द्या.